कोल्हापूरवर येऊन विमान परत का जातं, आणि जुलैत त्यावर किती विसंबायचं

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे कोल्हापूरचे गृहस्थ आहेत. मुलगी जुलैत शिकायला जर्मनीला निघाली आहे, मुंबईहून मध्यरात्रीनंतरचं विमान आहे. त्याच दिवशी कोल्हापूर-मुंबई विमानाने जावं, की आदल्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरावी, हे त्यांना ठरवायचं आहे. शंकेचं मूळ मागच्या पावसाळ्यात आहे. मुंबईहून येताना त्यांचं विमान उजळाईवाडीवर, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर आलं, दोन-तीन घिरट्या घातल्या आणि परत मुंबईला गेलं. घरी फोन केला तर शहरात पावसाचा थेंब नव्हता. त्याच्या तासभर आधी दुसरं एक विमान व्यवस्थित उतरलं होतं. ते विचारतात, पायलट नवखा होता, की कंपनीचा बहाणा?

मी बावीस वर्षं विमान कंपन्यांच्या ग्राउंड स्टाफमध्ये काढली, त्यातली शेवटची बरीचशी छोट्या विमानतळांवर. चेक-इनला बसले, लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशोब केला, शिडीपाशी छत्र्या वाटल्या आणि न आलेल्या विमानाच्या प्रवाशांसमोर उभीही राहिले. पायलट मी नव्हे. कॉकपिटमधला निर्णय मी बाहेरून पाहिलेला आहे, पण तो कशाकशावर ठरतो ते रोज हाताखालून जायचं, म्हणून लिहिते आहे.

आधी तुमच्या घिरट्या. आपण जमिनीवरची माणसं पाऊस बघतो. विमानाला पावसाचं तितकंसं वावडं नसतं. त्याला दोन गोष्टी लागतात: ढगांचा तळ जमिनीपासून किती उंच आहे आणि समोर किती लांबचं दिसतंय. कोल्हापूरचा जुलै तुम्ही जन्मभर पाहिलाय. पाऊस थांबलेला असतो, रस्ते ओले असतात, आणि आकाश इतकं खाली आलेलं असतं की जोतिबाचा डोंगर गायब. पश्चिमेला सह्याद्री, त्यावर अडकलेले ढग गगनबावड्याकडे कोसळतात आणि उरलेले घाटावरून पसरत शहराकडे येतात. शहरात थेंब नसतो, पण उजळाईवाडीच्या माळावर ढग पाचशे फुटांवर लोंबत असतो. खालून बघणाऱ्याला ते ‘ढगाळ वातावरण’, पायलटला धावपट्टी दिसतच नाही.

आता तो किती खाली येऊन बघू शकतो, हे त्या विमानतळावर कोणती यंत्रणा आहे यावर ठरतं. लोक धावपट्टीची लांबी विचारतात, टर्मिनलचे फोटो टाकतात, आणि हे कुणी विचारत नाही. निव्वळ डोळ्यांनी बघून उतरायचं असेल तर नियमाने साधारण 5 किलोमीटर दृश्यमानता आणि 1500 फुटांवर ढगांचा तळ लागतो. जमिनीवरच्या रेडिओ यंत्राचा, म्हणजे व्हीओआरचा आधार असेल तर ढगातून बरंच खाली येता येतं. पण हे यंत्र विमानाला दिशा सांगतं, उतरणीचा कोन सांगत नाही. त्यामुळे आजूबाजूच्या टेकड्या, मनोरे, चिमण्या यांच्या हिशोबाने पाचशे-सहाशे फुटांच्या आसपास, कुठे त्याहून जास्त उंचीवर, थांबावं लागतं. आयएलएस ही त्याहून नेमकी रेडिओ यंत्रणा असेल तर दिशा आणि कोन दोन्ही मिळतात. मग पायलट 200 फुटांपर्यंत येऊन बघू शकतो आणि धावपट्टीवरची दृश्यमानता 550 मीटर असली तरी चालते. या आकड्यांना आम्ही मिनिमा म्हणतो. ठरलेल्या उंचीपर्यंत यायचं, धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचं, नाहीतर लगेच इंजिनाचा जोर वाढवून वर जायचं. ‘जरा आणखी खाली जाऊन बघू’ असं करायची मुभा त्यात नाही. छोट्या शहरांच्या बहुतेक विमानतळांवर आयएलएस नसते, कारण ती महाग असते, तिला जागा लागते आणि सतत तपासणी लागते. मुंबईत विमान उतरतं त्याच हवेत कोल्हापुरात उतरत नाही, त्याचं मुख्य कारण हे.

आसपासचा अडथळा काय करतो त्याचं ठळक उदाहरण सोलापूर. तिथे होटगी रस्त्याच्या विमानतळाजवळच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवरून वर्षानुवर्षं वाद चालला आणि शेवटी 15 जून 2023 ला ती पाडली. तरी गोव्याचं विमान सुरू व्हायला जून 2025 उजाडला. चिमणी गेली म्हणजे विमान आलं असं होत नाही, एवढं त्यावरून कळावं.

यावर एक तोड आता हळूहळू येते आहे. गगन ही उपग्रहावर आधारलेली आपली यंत्रणा आहे, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभारलेली. तिच्या मदतीने जमिनीवर आयएलएस नसतानाही जवळजवळ तितक्याच नेमकेपणाने खाली येता येतं. एप्रिल 2022 मध्ये इंडिगोच्या एटीआर विमानाने राजस्थानातल्या किशनगडला तसं उतरून दाखवलं. किशनगडही कोल्हापूरसारखंच छोटं विमानतळ, म्हणून ही बातमी आम्हा लोकांना मोठी वाटली. पण त्यासाठी त्या धावपट्टीसाठी तशी पद्धत आखलेली हवी, विमानात तसं उपकरण हवं आणि वैमानिकांचं तसं प्रशिक्षण हवं. तिन्ही एका ठिकाणी जमेपर्यंत जुलै जुलैसारखाच राहणार.

‘मग आधीचं विमान कसं उतरलं?’ हा प्रश्न मला काउंटरवर शेकडो वेळा विचारला गेलाय, कधी आवाज चढवून. छोट्या विमानतळावर हवामान निरीक्षक दर अर्ध्या तासाला नोंद घेतो. त्याच्याकडे ठरलेल्या खुणा असतात: अमुक शेड इतक्या मीटरवर, तमुक मनोरा इतक्या किलोमीटरवर, पलीकडची टेकडी त्याहून लांब. कुठली खूण दिसते, कुठली नाही, त्यावरून दृश्यमानता लिहिली जाते. मी होते त्या एका स्टेशनवर, म्हणजे विमानतळावर, अशी एक पाण्याची टाकी होती. पावसाळ्यात सकाळी पोचले की मी आधी काचेतून ती टाकी बघायची. टाकी दिसली तर पोरांना चहा सांगायचा, नाही दिसली तर हॉटेलवाल्याला फोन करून खोल्या धरून ठेवायच्या. एका सकाळी टाकी दिसत होती, विमान वीस मिनिटांवर होतं, मी वॉकीवर ‘सगळं ठीक’ म्हटलं आणि पाठ फिरवून बॅगांची यादी बघितली. परत वळले तर टाकीच्या जागी पांढरं काहीतरी. विमान आलं, डोक्यावर आवाज झाला, दिसलं नाही, गेलं. पंधरा मिनिटांनी टाकी पुन्हा जागेवर हजर. प्रवासी मला म्हणाले, मॅडम, बघा की, स्वच्छ आहे. होतं खरं स्वच्छ.

तासाभराचं अंतर म्हणजे ढगाच्या हिशोबात दुसरा दिवसच. त्याशिवाय दोन विमानांत फरक असतो. एकाच्या कंपनीचे स्वतःचे नियम सरकारी नियमांपेक्षा कडक असतात, एकाच्या कॅप्टनला अजून पुरेसे तास झाले नाहीत म्हणून त्याचा मिनिमा वर धरतात, एकाकडे जास्त वेळ थांबण्याइतकं इंधन असतं. वाराही बघावा लागतो. कोल्हापूरची धावपट्टी ढोबळमानाने पूर्व-पश्चिम आहे, क्रमांक 07 आणि 25. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून विमान बहुधा इचलकरंजीच्या बाजूने पश्चिमेला तोंड करून उतरतं. वारा दक्षिणेला कलला की तो आडवा लागतो, आणि ओल्या धावपट्टीवर आडव्या वाऱ्याची मर्यादा कोरड्यापेक्षा कमी असते. तुमचा पायलट नवखा होता की नव्हता मला माहीत नाही. पण तो परत गेला यावरून काही ठरत नाही. परत जाणारे कॅप्टन मी पाहिलेत ते बहुतेक वेळा केस पांढरे झालेलेच होते.

घिरट्या घालून थेट मुंबईलाच का, जवळचं बेळगाव का नाही? निघतानाच विमानात पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन, शिवाय आणखी अर्धा तास हवेत राहता येईल इतकं राखीव इंधन ठेवावं लागतं. त्यावर जे उरतं तेवढ्याच घिरट्या. पर्यायी विमानतळ कोणता, हे हवामान आधी ठरवतं, आणि जुलैत कोल्हापूरवर जो ढग आहे तोच बऱ्याचदा बेळगाववरही असतो. नंतर कंपनीची सोय येते: जिथे त्यांची माणसं आहेत, इंधन भरता येतं, बदली कर्मचारी आहेत, तिथे विमान गेलं तर ते दिवसभरात पुन्हा कामाला लागतं. प्रवाशाला बेळगाव बरं पडलं असतं हे मलाही कळतं. तिथून गाडीने दोन-अडीच तासांत घरी पोचता आलं असतं.

आता बहाण्याबद्दल. हवामानाचं कारण बहुतेक वेळा खरं असतं, पण सगळ्याच वेळा नाही, हे मी कबूल करते. ‘ऑपरेशनल कारणामुळे’ हा शब्द फार पोटात घेतो. छोट्या शहरांच्या मार्गावरचं विमान दिवसभर एसटीसारखं फिरत असतं: सकाळी एका गावाहून निघतं, चार-सहा फेऱ्या करतं. पहिल्या फेरीत तासाचा उशीर झाला तर संध्याकाळपर्यंत त्याचे तीन तास होतात. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. तिथे उतरायची वेळ चुकली की रांगेत पुन्हा मागे. वैमानिकांच्या कामाचे तास संपत येतात. छोट्या विमानतळाची स्वतःची कामकाजाची वेळही संपते. अशा वेळी कंपनीला दिवसातली एक फेरी गाळावी लागली, तर ती कुठली गाळेल? 180 जणांची दिल्लीची नाही गाळणार. आमच्यासारख्या स्टेशनची गाळते. मला त्याचा राग यायचा, अजून येतो. पण हिशोब सरळ आहे.

कोल्हापूरचा इतिहासही असाच थांबत-थांबत चाललेला. विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातलं, 1939 चं. छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या सरकारच्या उडान योजनेत एप्रिल 2018 ला मुंबईसाठी एअर डेक्कनचं 18 आसनी विमान आलं, पुढे कंपन्या बदलत गेल्या. या योजनेत सरकार कंपनीचा तोटा भरून देतं, पण तीन वर्षांपुरतं. 10 मार्च 2024 ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. टर्मिनल देखणं आहे, मी आत फिरून आले. तुमच्या जुलैच्या दिवसावर त्याचा काही परिणाम नाही.

तर इथवरचं एका ओळीत: तुमचं विमान परत गेलं ते बहुधा ढगाच्या तळामुळे गेलं, आणि येत्या जुलैत तसं पुन्हा होण्याची शक्यता आहे. आता मुद्द्याचं बोलू, मुलीचा प्रवास.

यात तुमच्या हाती काय काय आहे त्यावर उत्तर बदलतं. पहिलं बघा, तिकीट एकच आहे की दोन. कोल्हापूर ते जर्मनी एकाच पीएनआरवर असेल, तर पहिलं विमान चुकल्यावर पुढची सोय करणं कंपनीच्या गळ्यात. पण कोल्हापूरहून असं जोडतिकीट दर वेळी मिळतं असं नाही, आणि बहुतेक घरांत पोरं स्वतः मोबाइलवर स्वस्त म्हणून दोन वेगळी तिकिटं काढतात. तशी असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुमची मुलगी फक्त ‘आली नाही’. कोल्हापूरला ढग होते, हे त्यांना ऐकायचंही नसतं. हवामानामुळे रद्द झालेल्या विमानाला नुकसानभरपाई नसते. पूर्ण पैसे परत किंवा दुसरं विमान, यातलं एक निवडायचा हक्क तुमचा असतो, तो काउंटरवर ठामपणे मागा. उशीर सहा तासांपेक्षा जास्त असेल तरीही हाच हक्क. दोन तासांच्या वर थांबवलं तर खाण्यापिण्याची सोय त्यांनी करायची. पण यातून कोल्हापूरचं तिकीट वसूल होईल, जर्मनीचं नाही.

दुसरी गोष्ट बॅगा, आणि हिच्याकडे कुणी बघत नाही. शिकायला जाणारं पोर दोन मोठ्या बॅगा घेऊन निघतं, कारण परदेशी विमानात तितकं चालतं. देशातल्या साध्या तिकिटावर बहुधा 15 किलो. वरच्या प्रत्येक किलोला पैसे, ते एकवेळ भरूही. पण कोल्हापूरची धावपट्टी सुमारे 1900 मीटर, मुंबईची मुख्य जवळपास साडेतीन किलोमीटर. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून 600 मीटर उंच, हवा तितकी विरळ. त्यात धावपट्टी ओली, आणि मुंबईत हवा वाईट म्हणून जादा इंधन भरलेलं. या सगळ्याची बेरीज करून विमानाला किती वजन घेऊन उडता येईल ते ठरतं, आणि बेरीज जमली नाही की काहीतरी खाली ठेवावं लागतं. माणसं खाली ठेवण्याआधी बॅगा ठेवतात. लोडशीट करताना दहा-बारा बॅगा ‘पुढच्या विमानाने’ असं मी स्वतः लिहिलंय. पुण्यात लग्नाला निघालेल्या माणसाची बॅग दुसऱ्या दिवशी मिळाली तर तो चिडतो. मुलीची बॅग दुसऱ्या दिवशी मुंबईत पोचली, तर तेव्हा ती फ्रँकफर्टला असेल.

तेव्हा माझं उत्तर: जुलैत त्याच दिवशीच्या विमानावर हे विसंबू नका. आदल्या दिवशीचं विमान घ्यायला हरकत नाही, मुंबईत नातेवाईक असतील तर उत्तमच. ते रद्द झालं तर महालक्ष्मी रात्रीची आहे आणि दुसरा अख्खा दिवस हातात आहे. यासाठी महालक्ष्मीचं तिकीट आधीच काढून ठेवा, विमान ठरल्याप्रमाणे निघालं तर रद्द करा. त्यात जे चार पैसे कापले जातील ते कापू द्या. जायच्या दिवशी सकाळी विमान रद्द झाल्यावर गाडीत जागा शोधणं काय असतं, ते मी टर्मिनलच्या दारात उभं राहून पाहिलंय: तीन कुटुंबं मिळून एक इनोव्हा ठरवत असतात आणि ड्रायव्हर पुढच्याला भाव वाढवून सांगत असतो.

मोठ्या बॅगा विमानात घालूच नका. आई-वडिलांपैकी एकजण बॅगा घेऊन रेल्वेने जाऊ द्या, दुसरं मुलीबरोबर विमानाने. गाडीने जायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा: पंचगंगेला पूर आला की शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली जातो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैत गेला होता. आठवडाभर आधीपासून राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत राहा, तुम्ही बघताच म्हणा. पाणी चढतंय असं दिसलं तर विमान, रेल्वे हा वाद सोडा आणि दोन दिवस आधी मुंबई गाठा.

तिकिटावर मुंबईचा विमानतळ कोणता तेही वाचा. नवी मुंबईचं विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून चालू झालंय. कोल्हापूरहून एका विमानतळावर उतरायचं आणि जर्मनीचं विमान दुसऱ्यावरून, असं असेल तर पावसात तो रस्ता दोन-तीन तास खाऊ शकतो.

हीच मुलगी नाताळात सुट्टीवर आली, तर मुंबईहून कोल्हापूरला खुशाल विमानाने येऊ द्या. हिवाळ्यात त्रास फक्त सकाळच्या धुक्याचा, आणि ते नऊ-दहापर्यंत विरतं. दुपारचं विमान घ्या. उशीर झाला तरी घरीच यायचंय, जेवण थोडं गार होईल.

जाण्याच्या दिवशी करायचं एक काम सांगते, आम्ही स्टाफ स्वतःच्या घरच्यांसाठी करायचो ते. तुमचं विमान त्याआधी कुठून येतंय ते बघा. विमानांचा माग दाखवणारी ॲप मोबाइलवर फुकट मिळतात. सकाळपासून ते विमान कुठे कुठे गेलं, किती उशिरा निघालं, आत्ता जमिनीवर आहे की हवेत, सगळं दिसतं. तुमच्या सुटण्याच्या वेळेला दीड तास राहिला आणि ते विमान अजून तिसऱ्याच गावात उभं असेल, तर काउंटरवरची मुलगी काहीही म्हणो, उशीर ठरलेला आहे. तिच्यावर ओरडू नका मात्र. तिला अजून कुणी सांगितलेलं नसतं.